हैतीतील कुटुंबे डॉमिनिकन प्रजासत्ताकात का जातात? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हैतीची बातमी आपल्याकडे बहुधा भूकंप, चक्रीवादळ किंवा टोळ्यांच्या हिंसाचाराच्या निमित्ताने येते, आणि ती ओसरली की देशही विस्मरणात जातो. त्यामुळे तेथील माणसे केवळ संकटाच्या तडाख्याने घर सोडतात, असा समज होतो. शेजारच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकात होणारे स्थलांतर या संकटांपेक्षा पुष्कळ जुने आहे. ते घडवून आणण्यात पलीकडच्या साखर कंपन्यांचा आणि दोन्हीकडच्या सरकारांचा हात हैतीच्या दारिद्र्याइतकाच मोठा आहे. पुढील उत्तरे लिहिताना ही बाजू मुद्दाम पुढे ठेवली आहे, कारण ती सहसा सांगितली जात नाही.

हे दोन देश नेमके कुठे आहेत आणि त्यांची सीमा कशी आहे?

कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला या एकाच बेटावर हे दोन्ही देश आहेत. बेटाचा पश्चिमेकडील सुमारे एक तृतीयांश भाग हैतीकडे आहे आणि उरलेला डॉमिनिकन प्रजासत्ताकाकडे, पण लोकसंख्या मात्र दोन्हीकडे साधारण सारखीच, म्हणजे एक कोटी दहा लाखांच्या आसपास आहे. हैतीत क्रेओल आणि फ्रेंच बोलतात, पलीकडे स्पॅनिश. सीमेची आजची आखणी १९२९ च्या तहाने झाली आणि १९३६ मध्ये तीत काही बदल झाले. पावणेचारशे किलोमीटरहून लांब असलेल्या या सीमेवर ये-जा करण्याची चार मुख्य ठाणी आहेत (प्रत्येक जोडीत पहिले गाव हैतीतले, दुसरे डॉमिनिकन भागातले) : उत्तरेला वानामिंत आणि दाहाबोन, मध्यभागी बेलादेर आणि एलियास पिन्या, हैतीच्या राजधानीच्या रस्त्यावर मालपास आणि हिमानी, आणि अगदी दक्षिणेला आन्सापित आणि पेदेर्नालेस. उत्तर टोकाला मासाक्र नावाची नदी हीच सीमा आहे. वर्षाचा बराच काळ ती पायी ओलांडता येते. दाहाबोनला सोमवारी आणि शुक्रवारी मोठा बाजार भरतो आणि त्या दिवशी पलीकडचे हजारो विक्रेते व खरेदीदार पूल ओलांडून येतात. शासनाच्या नकाशावर जी सीमा आहे, ती तिथल्या माणसांच्या व्यवहारात पिढ्यान्‌पिढ्या बाजाराची वाट राहिलेली आहे.

हे स्थलांतर सुरू कधी झाले?

ठळक सुरुवात विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत दिसते. अमेरिकेच्या सैन्याने १९१५ ते १९३४ या काळात हैती आणि १९१६ ते १९२४ या काळात डॉमिनिकन प्रजासत्ताक ताब्यात ठेवले होते. म्हणजे काही वर्षे संपूर्ण बेट एकाच परकीय सत्तेखाली होते. याच सुमारास अमेरिकी भांडवलाने डॉमिनिकन भागात साखरेचे मोठे मळे आणि कारखाने उभे राहिले. सान पेद्रो दे माकोरीस, ला रोमाना आणि बाराओना ही नावे तेव्हापासून साखरेशी जोडली गेली. ऊसतोडीसाठी स्वस्त मजूर हवे होते. आधी ते इंग्रजीभाषक छोट्या बेटांवरून आणले जात, मग हैतीतून आणणे सोयीचे आणि स्वस्त ठरले. त्याच काळात हैतीचे हजारो मजूर क्युबाच्या उसातही गेले.

पुढे १९५२ मध्ये डॉमिनिकन हुकूमशहा राफाएल त्रुहियो यांच्या राजवटीने हैती सरकारशी मजूर पुरवठ्याचा रीतसर करार केला. या कराराचे वेळोवेळी नूतनीकरण होत राहिले. दर हंगामाला ठरावीक संख्येने मजूर पाठवायचे आणि त्याबद्दल हैती सरकारला रक्कम मिळायची, असा तो व्यवहार होता. हैतीचे हुकूमशहा फ्रांस्वा द्युवालिए आणि नंतर त्यांचा मुलगा जां-क्लोद यांच्या काळात या पैशाचा मोठा भाग कुठे जात असे, हे हैतीत कोणालाही विचारावे लागत नव्हते. फेब्रुवारी १९८६ मध्ये धाकटे द्युवालिए देश सोडून पळाले आणि करार संपला. माणसे जाण्याचे मात्र थांबले नाही. फरक एवढाच झाला की सरकारची जागा खासगी दलालांनी घेतली आणि मजुराकडे जो काही कागद असायचा, तोही गेला.

१९३७ मध्ये हैतीयन लोकांची कत्तल झाली होती. तरीही लोक तिकडे का जात राहिले?

ऑक्टोबर १९३७ मध्ये त्रुहियोच्या आदेशावरून सैनिकांनी वायव्येकडील सीमाभागात हैतीयन वंशाच्या माणसांना वेचून मारले. मृतांचे अंदाज काही हजारांपासून वीस हजारांच्या पुढेपर्यंत जातात. मासाक्र नदीच्या काठी बरेच जण मारले गेले. नदीचे ‘कत्तल’ या अर्थाचे हे नाव मात्र त्याआधीपासूनचे आहे. हैती सरकारने साडेसात लाख डॉलरची भरपाई स्वीकारण्याचे मान्य केले आणि पुढे ती रक्कम आणखी कमी करण्यात आली.

या घटनेतील एक गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काही नीट कळत नाही. मारले गेलेले बहुतेक लोक सीमेलगत स्वतःची शेती करणारे, गुरे पाळणारे, शेजाऱ्यांशी सोयरीक असलेले होते आणि त्यांतील अनेकांचा जन्मच त्या बाजूला झाला होता. साखर कंपन्यांच्या मळ्यांतील हैतीयन मजुरांना मात्र बहुतांशी हात लावला गेला नाही. हैतीयन माणूस स्वतंत्र शेतकरी म्हणून नको होता, मजूर म्हणून चालत होता. आजच्या धोरणांतही हीच विभागणी दिसते, असे माझे मत आहे. मळ्यांतली मजुरी चालूच राहिल्याने लोकांचे जाणेही चालू राहिले.

केवळ दारिद्र्य हे कारण पुरेसे नाही का?

दारिद्र्य आहेच. दरडोई उत्पन्नात डॉमिनिकन प्रजासत्ताक हैतीच्या कित्येक पट पुढे आहे आणि सीमेपलीकडे एका दिवसात मिळणारी मजुरी हैतीच्या खेड्यात बऱ्याच दिवसांत मिळत नाही. पण गरीब माणूस आपोआप देश सोडत नाही. शेतीवर घर चालेनासे झाले आणि रोख पैशाची गरज वाढत गेली, की तो बाहेर पडतो. हैतीच्या खेड्यात हे टप्प्याटप्प्याने घडले.

पहिली गोष्ट जमिनीची. स्वातंत्र्यानंतर हैतीत मोठे मळे मोडून लहान शेतकरी निर्माण झाला. ही या देशाची मोठी कमाई होती. परंतु पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत डोंगरउतारावरचे तुकडे लहान होत गेले. कोळशासाठी आणि लाकडासाठी झाडे तुटली, माती वाहून गेली आणि पावसाचा भरवसा राहिला नाही.

दुसरी गोष्ट डुकरांची, आणि तिच्याविषयी जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. हैतीच्या शेतकऱ्याकडे काटक, काळ्या रंगाची गावठी डुकरे असत. ती उष्टेखरकटे खाऊन वाढत आणि मुलाची फी, आजारपण किंवा घरातले मरण अशा वेळी विकता येत, म्हणजे घरची बचतच ती. १९७८ मध्ये डॉमिनिकन भागात आफ्रिकन स्वाइन फीव्हरची साथ आली आणि पुढच्या वर्षी ती हैतीत पोचली. रोग अमेरिका खंडात पसरेल या भीतीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हैतीतील झाडून सगळी गावठी डुकरे मारण्यात आली. त्यांच्या जागी अमेरिकेतून आणलेल्या डुकरांना विकतचे खाद्य, स्वच्छ पाणी आणि पक्का गोठा लागत असे, म्हणजे कित्येक मालकांच्या घरापेक्षा चांगली सोय लागत असे. लाखो कुटुंबांची बचत अशी दोन-तीन वर्षांत नाहीशी झाली.

तिसरी गोष्ट तांदळाची. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांच्या दबावाखाली हैतीने तांदळावरचे आयात शुल्क ३ टक्क्यांवर आणले. अमेरिकेत सरकारी अनुदानावर पिकणारा तांदूळ बाजारात भरला आणि आर्तिबोनित खोऱ्यातील भातशेतकऱ्याला स्वतःचे पीक विकणे अशक्य झाले. हे धोरण चुकले आणि त्याचा लाभ आपल्याच राज्यातील शेतकऱ्यांना झाला, अशी कबुली माजी अमेरिकी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये दिली. तोपर्यंत एक पिढी शेतीबाहेर फेकली गेली होती.

या सगळ्याबरोबर रोख पैशाची निकड वाढत होती. हैतीतील बहुसंख्य शाळा खासगी आहेत आणि अगदी गरीब घरालाही मुलांची फी, गणवेश, पुस्तके यांसाठी पैसे उभे करावे लागतात. घरातला कोणी पलीकडे का गेला, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘मुलांची शाळा’ हेच असते.

एकाच बेटावरच्या दोन देशांत एवढी तफावत कशी पडली?

याचे एकच कारण सांगणारा प्रत्येक जण काहीतरी लपवतो. १८०४ मध्ये गुलामांनी उठाव करून हैती स्वतंत्र केला. ही घटना तेव्हाच्या सत्तांना इतकी खुपली की फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून, गमावलेल्या मालमत्तेच्या भरपाईपोटी १५ कोटी फ्रँक मागितले. या मालमत्तेत मुक्त झालेली माणसेही धरलेली होती. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, पण ती फेडण्यासाठी काढलेल्या कर्जांचे ओझे १९४७ पर्यंत चालले. त्यानंतर परकीय ताबा, द्युवालिए कुटुंबाची लूट आणि वारंवारची सत्तांतरे झाली. दुसऱ्या बाजूला, डॉमिनिकन प्रजासत्ताकात १९६० नंतरच्या दशकांत पर्यटन, निर्यात कारखाने आणि रस्ते यांत गुंतवणूक होत गेली. हैती १९६० पर्यंत तरी शेजाऱ्याच्या इतका मागे पडलेला नव्हता. दरी रुंदावली ती मुख्यतः त्यानंतर.

कुटुंब नेमके कोणाला पाठवते, आणि हे ठरते कसे?

बहुधा आधी एक जण जातो. डॉमिनिकन सरकारच्या पाहणीत हैतीत जन्मलेल्या स्थलांतरितांपैकी साठ टक्क्यांहून अधिक पुरुष आढळले, आणि त्यांत तरुणांचा भरणा आहे. मोठा मुलगा किंवा वडील निघतात. वाटखर्चासाठी बकरी किंवा जमिनीचा तुकडा विकला जातो किंवा कर्ज काढले जाते. मात्र पलीकडे आधीच स्थिरावलेला चुलतभाऊ, मेहुणा किंवा गावकरी असल्याशिवाय सहसा कोणी निघत नाही. पहिली रात्र कुठे काढायची आणि कोणत्या मुकादमाला भेटायचे, हे त्याच्याकडून कळते. म्हणूनच एका गावची माणसे एकाच वस्तीत किंवा एकाच बांधकामावर दिसतात.

बायकांचे जाणे आता वाढले आहे. त्या घरकाम करतात, बाजारात विक्री करतात, केळी आणि भाज्यांच्या शेतांवर राबतात. हैतीत गावोगावचा माल बाजारापर्यंत पोचवणाऱ्या व्यापारी स्त्रियांना ‘मादान सारा’ म्हणतात. त्यांच्यापैकी कित्येक जणींनी सीमापार व्यापारावर घरे चालवली आहेत. आई गेली की मुले आजीकडे राहतात. पुढे नवरा-बायको दोघेही तिकडे असले तर धाकटी मुले तिथेच जन्मतात आणि थोरली गावीच वाढतात. एकाच घरातल्या भावंडांची भाषा, शाळा आणि कायद्यातला दर्जा अशा रीतीने वेगवेगळा होतो. ‘कुटुंबाचे स्थलांतर’ म्हणजे सगळे घर एकदम हलणे नव्हे. घर सीमेच्या दोन्ही बाजूंना विभागून राहते आणि दर काही वर्षांनी त्याची मांडणी बदलते.

सीमा ओलांडली कशी जाते?

पूर्वी काही जण पारपत्र आणि व्हिसा घेऊन जात, विशेषतः विद्यार्थी आणि व्यापारी. सप्टेंबर २०२३ मध्ये डॉमिनिकन सरकारने हैतीच्या नागरिकांना व्हिसा देणे स्थगित केले. बहुसंख्य गरीब लोकांना मात्र तो मार्ग कधीच परवडत नव्हता. ते रात्री डोंगरवाटेने किंवा नदीतून जातात, बाजाराच्या दिवशी गर्दीत मिसळून मागे राहतात, अथवा मोटारसायकलवरून तपासणी नाके चुकवत पुढे सरकतात. वाट दाखवणाऱ्या दलालाला स्पॅनिशमध्ये ‘बुस्कोन’ म्हणतात. सैनिक व नाक्यावरचे कर्मचारी यांना द्यावी लागणारी लाच त्याच्या दरात धरलेली असते, असे मानवी हक्क संघटनांच्या अहवालांत वारंवार नोंदवले गेले आहे.

बीड-अहिल्यानगरच्या ऊसतोड टोळ्यांची माहिती असणाऱ्या वाचकाला हा बुस्कोन मुकादमासारखा वाटेल. साम्य आहे, पण एक फरक मोठा आहे. आपला मुकादम मजुराला आगाऊ उचल देऊन बांधून घेतो, तर बुस्कोन मजुराकडूनच पैसे घेतो आणि पुष्कळदा मळ्याकडून किंवा ठेकेदाराकडूनही घेतो. शिवाय बीडच्या मजुराकडून कोणी तो आपल्याच देशात आहे याचा पुरावा मागत नाही.

‘बातेय’ म्हणजे काय?

उसाच्या मळ्यांत मजुरांसाठी उभारलेली वस्ती म्हणजे बातेय. लांबलचक बराकी, एका खोलीत अनेक माणसे, पाणी आणि संडास यांची वानवा, आणि कंपनीचेच दुकान, असे तिचे जुने रूप. साफ्रा, म्हणजे गाळपाचा हंगाम, साधारण वर्षअखेरीस सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. मजुरी तोडलेल्या उसाच्या वजनावर मिळते. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की वजन घटते, आणि काट्यावर मापात मारले जाण्याची तक्रार जुनी आहे. रोख पैशाऐवजी चिठ्ठ्या देण्याची आणि त्या दुकानात कमी भावाने वटवण्याची पद्धतही बराच काळ होती.

हंगामापुरते आलेले लोक मोकळ्या महिन्यांतही राहू लागले, लग्ने झाली, मुले झाली, आणि बातेय हे गाव बनले. ईस्टरच्या आठवड्यात तिथे ढोल आणि बांबूची वाद्ये घेऊन ‘गागा’ निघतो. हैतीतल्या ‘रारा’ या मिरवणुकीचेच हे रूप आहे. हैतीयन वंशाच्या डॉमिनिकन नागरिकांच्या हक्कांसाठी लढलेल्या सोनिया पिएर यांचा जन्म १९६३ मध्ये अशाच एका बातेयात झाला होता. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांनी ऊसतोड मजुरांच्या मोर्चात पुढाकार घेतला होता.

१९९९ मध्ये सरकारी साखर कारखाने खासगी कंपन्यांना चालवायला दिले गेले. त्यांतील बरेच बंद पडले किंवा आटले, पण वस्त्या तशाच राहिल्या. आयुष्यभर ऊस तोडलेल्या म्हाताऱ्यांना निवृत्तिवेतनासाठी वर्षानुवर्षे डॉमिनिकन राजधानी सांतो दोमिंगोत निदर्शने करावी लागली आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने वेठबिगारीच्या संशयावरून सेंत्राल रोमाना या सर्वांत मोठ्या कंपनीच्या कच्च्या साखरेची आयात रोखली होती. मार्च २०२५ मध्ये हा प्रतिबंध उठवण्यात आला.

आजही लोक ऊसतोडीसाठीच जातात का?

जातात, पण ऊस आता पूर्वीसारखा प्रमुख राहिलेला नाही. सांतो दोमिंगो आणि सांतियागो येथील इमारती, पुंता कानाची हॉटेले, माओ आणि मोंते क्रिस्ती भागातील केळीच्या बागा, भाताची खाचरे, कॉफीचे मळे, रात्रपाळीचा पहारा, रस्त्यावरची फळविक्री अशा ठिकाणी हैतीयन मजूर दिसतात. निर्यातीची केळी तर मुख्यतः त्यांच्याच हातांनी काढली आणि भरली जातात. कामगार कायद्यानुसार आस्थापनेत किमान ८० टक्के कामगार डॉमिनिकन असायला हवेत. शेतीत आणि बांधकामावर हा नियम कागदावरच राहतो, हे सर्वांना ठाऊक आहे.

२०१० च्या भूकंपामुळे स्थलांतर वाढले, हे खरे का?

खरे आहे, परंतु अर्धेच. १२ जानेवारी २०१० रोजी ७.० तीव्रतेच्या भूकंपाने हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स आणि आसपासचा भाग उद्ध्वस्त केला. दोन लाखांहून अधिक माणसे मरण पावल्याचे हैती सरकारने सांगितले. डॉमिनिकन प्रजासत्ताकाने तेव्हा सर्वांत आधी मदत पाठवली, सीमेवरची रुग्णालये जखमींसाठी खुली केली आणि नंतर उत्तर हैतीतील लिमोनाद येथे विद्यापीठाची इमारतही बांधून दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून आर्तिबोनितच्या पाण्यात कॉलरा पसरला आणि पुढील वर्षांत सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१६ चे मॅथ्यू चक्रीवादळ आणि १४ ऑगस्ट २०२१ चा दक्षिणेतील भूकंप यांनी उरलासुरला आधार काढून घेतला.

मात्र अशा आपत्तीनंतर जे सीमेपलीकडे गेले, ते बहुतेक आधीच तयार असलेल्या वाटेने आणि ओळखीच्या घरी गेले. ज्यांचे पलीकडे कोणीच नव्हते, त्यांतील बहुतेक जण देशातच तंबूत राहिले.

२०२१ नंतर काय बदलले?

७ जुलै २०२१ रोजी अध्यक्ष जोव्हेनेल मोईस यांची त्यांच्या घरी हत्या झाली. त्यांच्यानंतर निवडून आलेला अध्यक्ष देशाला मिळालेला नाही. राजधानीतून दक्षिणेकडे जाणारा रस्ता मार्तिसां येथे टोळ्यांनी त्याआधीच, जून २०२१ मध्ये, अडवला होता. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर ‘व्हिव्ह आन्सान्म’ या नावाखाली एकत्र आलेल्या टोळ्यांनी विमानतळ, पोलीस ठाणी आणि तुरुंग यांवर हल्ले केले. हजारो कैदी सुटले आणि पंतप्रधान आरियेल आंरी यांना पायउतार व्हावे लागले. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदींनुसार त्या एका वर्षात ५,६०० हून अधिक माणसे मारली गेली. २०२५ च्या मध्यापर्यंत देशांतर्गत विस्थापितांची संख्या सुमारे १३ लाखांवर गेली आणि निम्म्या लोकसंख्येला पोटभर अन्न मिळेनासे झाले.

यामुळे स्थलांतराचे स्वरूपच पालटले. पूर्वी शेतकरी घरातला एक जण मजुरीसाठी जाई. आता शहरी, शिकलेली, दुकान किंवा नोकरी असलेली कुटुंबेही निघू लागली, आणि त्यांना परतीची तारीख नाही. मार्च २०२५ अखेर मिरबाले या मध्य भागातील गावावर हल्ला झाला. तिथले मोठे रुग्णालय बंद पडले आणि बेलादेरच्या सीमेकडे जाणाऱ्या वाटेवर विस्थापितांची गर्दी झाली. घराला आग लावून हाकलल्यामुळे पळालेल्या आईला ‘आर्थिक स्थलांतरित’ म्हणणे आता कठीण आहे. डॉमिनिकन यंत्रणा मात्र आश्रय जवळजवळ कोणालाच देत नाही.

बायका बाळंतपणासाठी सीमा ओलांडतात, हे खरे आहे का?

काही प्रमाणात खरे आहे. पश्चिम गोलार्धात बाळंतपणातील मातामृत्यूचे प्रमाण हैतीत सर्वाधिक आहे आणि पलीकडची सरकारी रुग्णालये वर्षानुवर्षे विनामूल्य उपचार करत आली. परंतु तिथे बाळंत होणाऱ्या अनेक हैतीयन स्त्रिया त्या देशात आधीपासून राहणाऱ्या, काम करणाऱ्या असतात. त्या त्याच आठवड्यात सीमा ओलांडून आलेल्या असतात, असे प्रचारात सुचवले जाते, ते दिशाभूल करणारे आहे. २१ एप्रिल २०२५ पासून ३३ रुग्णालयांत कागदपत्रे तपासण्याची आणि उपचारानंतर हद्दपार करण्याची पद्धत सुरू झाली. तेव्हापासून गरोदर स्त्रिया दवाखान्यात जाण्यास घाबरू लागल्याचे वैद्यकीय संघटनांनी सांगितले.

तिथे एकूण किती हैतीयन राहतात?

२०१२ च्या राष्ट्रीय पाहणीत हैतीत जन्मलेले ४,५८,२३३ लोक आढळले आणि २०१७ मध्ये ४,९७,८२५. राजकीय भाषणांत यापेक्षा कितीतरी मोठे आकडे फेकले जातात. अशा वेळी त्यांत तिथेच जन्मलेल्या मुलानातवंडांनाही धरले आहे का, हे आधी पाहावे.

तिथे जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व मिळते का?

२०१० पर्यंतच्या राज्यघटनेनुसार त्या भूमीवर जन्मलेल्या व्यक्तीला नागरिकत्व मिळे. राजनैतिक अधिकाऱ्यांची आणि ‘प्रवासात असलेल्या’ परकीयांची मुले तेवढी वगळलेली होती. हा दुसरा अपवाद काही दिवसांच्या वाटसरूंसाठी होता, पण वीस-वीस वर्षे ऊस तोडणाऱ्यांनाही त्यात कोंबण्याचा प्रयत्न अधिकारी करू लागले. २०१० च्या घटनेने अनधिकृतपणे राहणाऱ्यांची मुले स्पष्टपणे वगळली. मग २३ सप्टेंबर २०१३ रोजी घटना न्यायालयाने १६८-१३ क्रमांकाच्या निकालात हा अर्थ थेट १९२९ पर्यंत मागे नेला. दोन महिला न्यायाधीशांनी असहमती नोंदवली. दोन लाखांहून अधिक माणसांच्या नागरिकत्वावर या निकालाचा परिणाम झाला, आणि त्यांतील कित्येकांनी हैती पाहिलेलाही नव्हता.

आंतरराष्ट्रीय टीकेनंतर मे २०१४ मध्ये १६९-१४ क्रमांकाचा कायदा झाला. ज्यांच्या जन्माची नोंद आधीच झाली होती, त्यांना नागरिकत्व परत मिळण्याची वाट खुली झाली. ज्यांची नोंद कधीच झाली नव्हती, त्यांना मात्र आपल्याच जन्मभूमीत परदेशी म्हणून नाव नोंदवायचे होते. मुदतीत जेमतेम ८,७५५ जणांनी तसे केले. जन्मदाखला नसेल तर शिक्षण ठरावीक इयत्तेपुढे अडते, नोकरी, बँक खाते, विवाहनोंद काहीच होत नाही, आणि हा अडसर पुढच्या पिढीकडे जसाच्या तसा जातो.

मजूर हवे आहेत, तर मग एवढी हद्दपारी का?

२०१४-१५ मध्ये अनधिकृत परदेशी लोकांना दर्जा देण्याची एक योजना झाली होती. तिच्यात २,८८,४६६ जणांनी अर्ज केले. बहुतेकांना मिळालेली ओळखपत्रे एक-दोन वर्षांच्या मुदतीची होती, आणि पुढे नूतनीकरण रखडल्याने ती निरुपयोगी झाली. अध्यक्ष लुईस अबिनादेर यांनी २०२२ मध्ये सीमेवर भिंत बांधायला घेतली. सप्टेंबर २०२३ मध्ये वानामिंतजवळ हैतीच्या शेतकऱ्यांनी मासाक्र नदीवर कालवा खणायला घेतल्याच्या वादातून त्यांनी संपूर्ण सीमाच बंद केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आठवड्याला दहा हजार माणसे परत पाठवण्याचे लक्ष्य जाहीर झाले आणि त्या वर्षातील हद्दपारीचा सरकारी आकडा अडीच लाखांच्या पुढे गेला.

यामागे मतांचे राजकारण आहे, तसाच शेजारचा देश कोसळल्याची खरी धास्तीही आहे. तिला नुसता वंशद्वेष म्हणून बाजूला सारणे योग्य होणार नाही. पण ज्या मजुराला केव्हाही ट्रकमध्ये कोंबता येते, तो थकलेली मजुरी मागायला ठेकेदाराच्या दारात जात नाही, आणि याचा लाभ कोणाला होतो हे उघड आहे. त्यातही मजा अशी की हद्दपारीचा वेग वाढला तेव्हा बांधकाम आणि शेती क्षेत्रातील मालकांच्या संघटनांनीच मजूर टंचाईची ओरड करत अधिकृत परवान्यांची मागणी केली.

सगळेच डॉमिनिकन लोक हैतीयनांच्या विरोधात आहेत का?

नाहीत. सीमाभागात मिश्र विवाह, दोन्ही भाषा आणि उधारीचे व्यवहार सर्रास आहेत. १८२२ ते १८४४ या काळात हैतीने संपूर्ण बेटावर राज्य केले, आणि डॉमिनिकन स्वातंत्र्यदिन, २७ फेब्रुवारी, हा हैतीपासून वेगळे झाल्याचा दिवस आहे. त्यामुळे शाळेपासूनच एक संशय शिकवला जातो. होसे फ्रांसिस्को पेन्या गोमेस या लोकप्रिय नेत्याला १९९० च्या दशकातील निवडणुकांत त्यांच्या हैतीयन मुळावरून लक्ष्य केले गेले. तरीही १९९६ च्या पहिल्या फेरीत त्यांना सर्वाधिक मते मिळाली होती.

कुटुंबे अमेरिका किंवा अन्य देशांत का जात नाहीत?

जातात. हैतीत बाहेरून येणारा बहुतांश पैसा अमेरिकेतूनच येतो. २०१० नंतर अनेक जण ब्राझील आणि चिलेला गेले, काही नावेतून बहामाकडे निघाले. पण या प्रवासाला हजारो डॉलर किंवा जिवाची बाजी लागते. पलीकडच्या गावात बसने आणि पायी जाता येते, आणि घरी कोणी आजारी पडले तर परतही येता येते. ज्यांच्याकडे सर्वांत कमी पैसे आहेत, त्यांच्या आवाक्यात हाच एक परदेश असतो.

परत पाठवलेल्यांचे पुढे काय होते?

त्यांना जाळीच्या ट्रकमधून आणून वानामिंत, बेलादेर किंवा मालपास येथे सीमेवर सोडले जाते. बऱ्याच जणांच्या अंगावर कामावरचेच कपडे असतात, मजुरी थकलेली असते आणि मुले पलीकडे शेजाऱ्याकडे राहिलेली असतात. काही लहान मुले एकटीच येतात. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना आणि स्थानिक धर्मसंस्था जेवण, फोन आणि एखाद-दोन रात्रींचा निवारा देतात. राजधानीकडचे रस्ते टोळ्यांच्या ताब्यात असल्याने मूळ गावी पोचणे पुष्कळांना शक्य नसते, आणि जे डॉमिनिकन भागातच जन्मले त्यांना मूळ गावच नसते. मग नातेवाइकांकडून पैसे मागवून पुन्हा दलालाला गाठले जाते. हद्दपारी वाढली की त्याचा दरही वाढतो.